परमुलखाचा कुत्रा आणि आपले ऊन

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधी ज्या जिल्ह्यात आहेत, तेथील वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यावर बोलावयाचे म्हणजे काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे आम्ही गृहीतच धरले आहे. पण खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तात्रेयाभोवती चार आहेत, आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले तोही कुत्राच होता. तेव्हा विषय अगदीच सोवळ्याबाहेरचा नाही. शिवाय तो आज निकडीचाही झाला आहे. पूर्वी कुत्रा आपण होऊन दारी येई, भाकरीच्या तुकड्यावर राही आणि घरचा होऊन जाई. आता तो मोबाइलवरचे चित्र पाहून मागविला जातो. चित्र जितके अनोळखी तितकी मागणी मोठी. बर्फात गाड्या ओढणारा हस्की महाराष्ट्रातल्या शहरांत तिसऱ्या मजल्यावर राहावयास आला, त्याला आता बरीच वर्षे झाली.

प्रश्न आमच्याकडे दोन बाजूंनी येतो. टोरांटो किंवा शिकागो येथे घर केलेले आपले नातलग विचारतात, "येथील हिवाळा कडक. एखादा दुर्मीळ जातीचा स्पॅनियल दत्तक घ्यावा म्हणतो, घ्यावा का?" आणि येथले तरुण विचारतात, "तोच बीडला आणला तर?" दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. माणूस मूल दत्तक घेतो तेव्हा दत्तविधान होते, मुलगा घराण्याचे नाव लावतो आणि त्याचे गोत्र बदलते. कुत्र्याचे नाव बदलेल, गळ्यातला पट्टा बदलेल, पण त्याचे गोत्र बदलत नाही. त्याच्या पूर्वजांनी कोणत्या हवेत कोणते काम केले, हे त्याच्या केसांत, कानांत, नाकात आणि स्वभावात उतरलेले असते. ते सगळे आपल्या उंबऱ्याच्या आत येते.

स्पॅनियल हे एका कुत्र्याचे नाव नव्हे, ते कुळाचे नाव आहे. शब्द स्पेन देशाच्या नावावरून आला, परंतु कुळाची वाढ मुख्यतः इंग्लंडात आणि पश्चिम युरोपात झाली. लांब लोंबते कान, पायांना आणि शेपटीला झालरीसारखे केस, आणि झुडपात किंवा पाणथळीत दडलेला पक्षी हुडकून उडविण्याची आवड, ही कुळाची खूण. कॉकर स्पॅनियल वुडकॉक नावाच्या पक्ष्यामागे जाई, त्यावरून त्याला ते नाव पडले. तो आपल्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. क्लंबर, ससेक्स, आयरिश वॉटर स्पॅनियल हे त्याचे भाऊबंद आता त्यांच्या मायदेशातही क्वचित दिसतात. त्या सर्वांची वंशावळ येथे सांगत बसण्यात अर्थ नाही. एकाच कुत्र्याची हकीकत आम्ही सविस्तर सांगतो, कारण आपला सगळा विषय तिच्यात आलेला आहे.

हा कुत्रा हॉलंडचा. नाव उच्चारावयास अवघड, कोइकरहोंद्ये. कोइकर म्हणजे बदके धरण्याचे तळे चालविणारा माणूस आणि होंद्ये म्हणजे लहानसा कुत्रा. पांढऱ्या अंगावर तांबूस-नारिंगी डाग, कानांच्या टोकांना काळ्या केसांची लोंबणारी झुलपे आणि पांढरी, झुबकेदार शेपटी. बदके धरण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. तळ्याला चारी कोपऱ्यांतून वाकडे, निमुळते होत जाणारे चर काढलेले असतात. चरावर जाळी आणि काठाने बोरूच्या तट्ट्या उभ्या. कुत्रा एका तट्टीआडून निघतो, क्षणभर दिसतो, पुढच्या तट्टीआड जातो. भुंकत नाही, धावत नाही, नुसती शेपटी मिरवीत चालतो. बदके बिचकून पळावयाची, ती उलट कुतूहलाने त्याच्या मागे मागे पोहत येतात. शत्रू आपल्याला पाठ दाखवून जाताना दिसला की त्याच्यावर डोळा ठेवीत त्याच्यामागे जाणे हा पुष्कळ पक्ष्यांचा स्वभावच आहे. अशी ती चराच्या टोकाशी येतात आणि तेथे त्यांचा प्रवास संपतो. ज्या कुत्र्याने भुंकून शूरपणा दाखविला असता तो या कामास नालायक ठरला असता. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सावध, हलक्या पावलाचा, परक्याशी चटकन न मिसळणारा, मालकाच्या डोळ्याकडे पाहणारा असा कुत्रा निवडला गेला. आज घरात आणलेला कोइकर गोंगाटाने त्रासतो, लहान मुलांच्या ओढाताणीला कंटाळतो, असे त्याचे जाणकार सांगतात. तो दोष नव्हे, ते त्याचे गोत्र आहे.

बदकांच्या तळ्यांचा धंदा बसत गेला आणि कुत्र्याचे काम गेले. काम गेलेल्या जनावराचे काय होते हे शेतकऱ्याला सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही जात जवळजवळ नामशेष झाली होती. तिला फान हार्डेनब्रूक फान अमरस्टोल या घराण्यातील एका बॅरोनेसने वाचविले. तिने दारोदार माल विकत हिंडणाऱ्या एका फिरस्त्याजवळ अशा कुत्र्याचे चित्र आणि केसांची एक बट दिली, आणि खेडोपाडी असे जनावर दिसले तर कळवावे असे सांगितले. त्याला एक कुत्री सापडली. तिचे नाव टॉमी. देश शत्रूच्या ताब्यात असताना १९४२ साली तिला पिले झाली आणि वंश पुन्हा सुरू झाला. हॉलंडच्या अधिकृत संस्थेने या जातीला पूर्ण मान्यता दिली ती १९७१ साली. जी तळी आज शिल्लक आहेत, त्यांतील काहींवर पक्षी धरून त्यांच्या पायात ओळखीची कडी घालतात आणि सोडून देतात. म्हणजे थोड्या कोइकरांना तरी जुने काम नव्या हेतूने परत मिळाले आहे.

येथे दुर्मीळपणाची किंमत लक्षात घेतली पाहिजे. मूठभर जनावरांपासून हजारो झाली, म्हणजे सगळी एकमेकांची चुलत-मावस भावंडे झाली. सगोत्र विवाह टाळण्यात आपल्या पूर्वजांनी जे धोरण ठेवले त्याचे मर्म येथे उघड दिसते. एखादा दोष रक्तात लपून राहतो, जनावर स्वतः धडधाकट दिसते. पण तोच दोष लपविणारे नर आणि मादी एकत्र आले, तर सरासरीने चार पिलांतील एक रोगी निघते, दोन दोष पुढे नेणारी आणि एकच निर्दोष. कोइकरांत फॉन विलेब्रांट नावाचा रक्त न गोठण्याचा रोग असाच पसरला होता. दुसरा एक रोग पाठीच्या कण्यातील मज्जेचा. त्यात वाढत्या वयाच्या पिलाचे मागचे पाय लुळे पडत जातात आणि त्यावर इलाज नाही. आता दोन्हींची तपासणी निघाली आहे. रक्ताच्या थेंबावरून नर-मादीची पारख करून मगच जोडी जुळवितात. म्हणून टोरांटोच्या नातलगांना आमचे पहिले सांगणे हवेविषयी नाही, कागदाविषयी आहे. पिलाच्या आई-बापांच्या तपासणीचे कागद जो दाखवीत नाही, त्याच्याकडील कुत्रा फुकट मिळाला तरी महागच पडतो.

आणि दुर्मीळपणाने जसा तोटा होतो तसा लोकप्रियतेनेही होतो. अमेरिकेत १९४०च्या दशकात कॉकर स्पॅनियलचे असे वेड पसरले की घाऊक पैदास सुरू झाली. त्यातून चिडखोर, कानाडोळ्यांनी अधू अशी कुत्री निपजली, आणि मग लोकांनी जातीलाच नावे ठेवली.

हवेचे म्हणाल तर थंड शहर या कुळाला मानवते. कोइकरच्या वरच्या केसांखाली बारीक लोकरीचा दुसरा थर असतो, पाणी सहसा कातडीपर्यंत पोहोचत नाही. त्रास होतो तो भलत्याच ठिकाणी. बर्फ वितळावा म्हणून तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पंजांना झोंबते, आणि कुत्रा पाय चाटतो तेव्हा पोटात जाते. झालरीच्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात आणि बोटांमध्ये खड्यासारख्या रुततात. म्हणून फिरून आल्यावर चारही पाय कोमट पाण्याने धुऊन पुसणे हा नित्यनेम ठेवावा लागतो. डिसेंबरात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो, घरधनी कामावरून परततो तो अंधारातच. ज्या कुत्र्याला रोज तासभर तरी नाकाने जग हुंगावयास हवे, त्याला कोण बाहेर नेणार, हे दत्तक घेण्यापूर्वी घरात ठरले पाहिजे. पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की फिरणे थोडक्यात आटोपावे आणि बाकीची हौस घरातच भागवावी. खाऊ लपवून तो हुडकावयास लावला तर या कुळातील कुत्रा पंधरा मिनिटांत तृप्त होऊन झोपतो. नाकाला काम मिळाले की त्याचे पोट भरते.

आता आपल्याकडे वळू. आष्टी-पाटोद्याकडे दुधाचा धंदा करणाऱ्यांना हा विषय वेगळ्या तऱ्हेने परिचयाचा आहे. काळी-पांढरी होल्स्टीन फ्रिजियन गाय ही कोइकरच्याच मुलखाची. ती दूध देते खरी, पण तिला सावली लागते, पंखा लागतो, पाणी लागते, आणि मे महिन्यात तिची धाप ऐकवत नाही. शेजारीच लाल कंधारी बैल उन्हात उभा राहून रवंथ करीत असतो. गायीच्या बाबतीत हा हिशेब आपण रोज मांडतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र चित्र पाहून मोहरतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जो काही येतो तो पायांच्या तळव्यांना, आणि तो पुरेसा नसतो. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ आणि श्वास. ओल्या जिभेवरून, नाकातोंडातून हवा वेगाने खेळते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना रक्ताची उष्णता घेऊन जाते. आपला माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो. माठाला जसे छिद्रांतून झिरपणारे पाणी हवे, तसे कुत्र्याला तोंडात ओल हवी. आपले ऊन कोरडे असल्यामुळे ही युक्ती येथे मुंबईपेक्षा बरी चालते. कुलरची हवा आपल्याकडे गार लागते आणि दमट किनाऱ्यावर नुसती चिकट लागते, तसाच हा प्रकार. परंतु यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पाणी संपले की युक्ती संपली. बारा-चौदा किलोच्या स्पॅनियलला एरवी दिवसाला पाऊण लिटरभर पाणी पुरते, ते उन्हाळ्यात दुप्पट धरावे. दुसरी, जूनच्या आरंभी पाऊस पडण्यापूर्वी हवा दमट होते आणि ऊन मात्र ओसरलेले नसते. ते आठ-पंधरा दिवस मे महिन्यापेक्षाही घातक. माठाचे पाणी ज्या दिवसांत नीट गार होत नाही, त्या दिवसांत कुत्र्याला जपावे. ही खूण कोणत्याही यंत्रापेक्षा सोपी आहे.

कुत्र्याचे निरोगी अंग आपल्यापेक्षा गरम असते, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०६च्या वर गेले की प्राणाशी गाठ असते. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात. अशा वेळी डॉक्टर शोधण्याआधी त्याला सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतीत राहावे, पंखा लावावा, आणि मग दवाखाना गाठावा. ओले गोणपाट पांघरून ठेवू नये. थोड्या वेळात ते गरम होते आणि उष्णता आतच कोंडते. उन्हाळ्यात केस भादरून टाकण्याची चालही चुकीची. वरचा केस उन्हाची झळ अडवितो. विंचरून काढावयाची असते ती खालची गळालेली लोकर. फिरविण्याची वेळ पहाटेची. डांबरावर तळहात टेकवून पाहावा, सात आकडे मोजेपर्यंत तो तेथे टेकवत नसेल तर कुत्र्याचा पंजाही टेकवू नये.

लांब कानाच्या कुत्र्याचे आपल्या माळरानावरील खरे वैर मात्र कुसळाशी आहे. पावसाळा सरला की बालाघाटच्या उतारांवरचे गवत वाळते आणि धोतराला कुसळे चिकटू लागतात. स्पॅनियलची झालर म्हणजे कुसळांना आमंत्रणच. कुसळाची घडणच अशी की ते पुढे सरकते, मागे येत नाही. कानात शिरले तर पडद्यापर्यंत जाते, बोटांच्या बेचक्यात शिरले तर गळू होते. त्यात झाकलेल्या कानात हवा खेळत नाही, ओल राहिली की घाण वास आणि पू. तिसरा शत्रू गोचीड. दाट केसांत ती दिसत नाही आणि तिच्या चाव्यातून येणारा ताप कुत्र्याचे रक्त आटवितो. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गायी-म्हशी, बैल, शेळ्या यांच्यासाठी. अवघड दुखण्याला परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावे लागते. त्या वाटखर्चाचा हिशेब पिलाच्या किमतीत धरावा.

पाण्याचाही धरावा. २०१६ साली शेजारच्या लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या वर्षी माणसे टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी असतात, त्या वर्षी झालरीच्या कुत्र्याला आठवड्याला न्हाऊ घालणाऱ्या माणसाकडे शेजारी कोणत्या नजरेने पाहतील, याचाही विचार केलेला बरा.

मग दुर्मीळ कुत्र्याची हौस करूच नये काय? करावी. पण तो परमुलखातच शोधावा असे नाही. आपल्या मराठवाड्यात, विशेषतः लातूरकडे, पश्मी नावाचा कुत्रा आहे. पश्म म्हणजे फारसीत लोकर. कारवानी कुत्र्याचाच हा केसाळ भाऊ. कारवानी तुळतुळीत अंगाचा, आणि पश्मीच्या कानांना, पायांना, शेपटीला रेशमासारखी झालर. म्हणजे स्पॅनियलमध्ये जे आवडले तेही येथे आहे! निमुळते लांब तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर. अंगावर चरबी नाही, म्हणून उष्णता साठत नाही. नाक लांब, म्हणून श्वासाबरोबर ती बाहेर पडावयास वाव अधिक. अरब-इराणकडील व्यापारी आणि फौजा यांच्याबरोबर याचे पूर्वज दख्खनेत आले असे मानतात. म्हणजे हाही एके काळचा परमुलखीच. परंतु तो शतकानुशतके आपले ऊन सोसून येथला झाला. मुधोळचे राजे घोरपडे यांनी या कुळाचा लौकिक वाढविला, म्हणून कर्नाटकात तो मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा होता. पश्मीला अजून तिकीट नाही.

याचीही कथा कोइकरसारखीच आहे. सशामागे, हरणामागे धावणे हे त्याचे काम. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. ज्या जिल्ह्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे त्याने याविषयी हळहळ करू नये. पण काम गेले, आणि जात सांभाळण्याचे कारणही त्याबरोबर गेले. आता तो पाळतात ते हौशी लोक आणि काही मेंढपाळ. नोंदवही ठेवणारे थोडे. कोणत्या नराची कोणती मादी, कोणाची पिले कोठे गेली, कोणते पिलू कशाने दगावले, हे बहुधा पाळणाऱ्याच्या स्मरणातच असते आणि त्याच्याबरोबर जाते. हॉलंडमध्ये एका बाईने केसांची बट देऊन माणूस हिंडविला. आपल्याकडे उसाच्या हंगामात जिल्ह्यातील अर्धी खेडी ओस पडतात, तेव्हा मागे राहिलेल्या वाड्या-वस्त्यांवर कोणती कुत्री आहेत याची पाहणी एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना दोन सुट्ट्यांत करता येईल. खर्च एसटीच्या तिकिटांचा आणि एका वहीचा.

पश्मी सर्वांना मानवेल असे मात्र नाही. तो अनोळख्याचा हात अंगाला लावून घेत नाही, बांधून ठेवला तर खंगतो, आणि पळावयास लागला की हाक ऐकत नाही. कुंपण घातलेले शेत असेल तर त्याच्यासारखा सोबती नाही. दोन खोल्यांच्या घरात तो ठेवू नये. तशा घरासाठी गल्लीतच जन्मलेले गावठी पिलू उत्तम. ते आपल्या हवेचे असते, त्याला लस टोचून, जंत पाडून घेतले की त्याची प्रकृती सहसा तक्रार करीत नाही. रेबीजची लस मात्र कोणत्याही कुत्र्याला चुकवू नये, मग तो हॉलंडचा असो की गल्लीतला.

एवढे ऐकूनही ज्यांना स्पॅनियलच आणावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर सरकारने २०१६ साली कडक निर्बंध घातले, त्यामुळे अपूर्व जातीची म्हणून जी पिले बाजारात येतात ती बहुधा देशातल्याच मोजक्या जनावरांची संतती असते, आणि वर सांगितलेला सगोत्राचा प्रश्न येथे दुप्पट होतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही. तेव्हा नोंदणीचा कागद मागावा. पिलू वाटेत, बसस्थानकावर किंवा खोक्यातून घेऊ नये, विकणाऱ्याच्या घरी जाऊन घ्यावे, आणि त्याची आई पाहावी. तिचे कान उचलून आत वास घ्यावा, पायांची बेचकी पाहावी, ती दुपारी कोठे बसते ते विचारावे. हे सगळे मे महिन्यात, दुपारी दोन वाजता जाऊन पाहावे.